बाबांच्या बायबलमधल्या लाल रेघा

जेलरोडकर
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसताच वाचक होतो. आज विचारावंसं वाटलं.

आम्ही नाशिकरोडचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. बाबा प्रेसमध्ये होते. इथे नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की नोटा-स्टँपवालीच, दुसरी नाही. गेल्या पावसाळ्यात गेले. स्वभाव इतका मऊ, की रिक्षावाल्याने दहा जास्त मागितले तर वीस देऊन यायचे आणि वर त्याच्या मुलांची चौकशी करायचे.

कपाट आवरताना त्यांचं बायबल निघालं. पुठ्ठा सुटलेला, पाठीला पिवळी पडलेली चिकटपट्टी. आत लाल पेन्सिलीच्या रेघा. मला वाटलं स्तोत्र २३ वगैरे असेल. तर ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ कोरं. करिंथकरांच्या पत्रातला प्रीतीचा अध्याय कोरा. रेघा कुठे? ‘प्रभूजी, प्रभूजी’ म्हणत येणाऱ्यांना येशू मी तुम्हाला कधी ओळखलंच नाही म्हणतो, तिथे. हात पाप करायला लावत असेल तर तोडून टाक, किडा मरत नाही, आग विझत नाही, तिथे. मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे, आणि डावीकडच्यांना ‘अहो शापग्रस्तहो’. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली ती हकिगत. इब्रीकरांच्या पत्रातलं ‘जिवंत देवाच्या हाती सापडणे हे भयंकर आहे’ याच्याखाली तर दोनदा.

मी स्वतः रविवारी चर्चला जातो, पण ही पानं आली की मनातल्या मनात उलटून टाकतो. तुम्ही लोक या वचनांचं काय करता? आणि असा माणूस नेमक्या याच ओळींखाली रेघा का मारत असेल? एरवी तर ते डासही हाकलायचे, मारायचे नाहीत.

चिंचोका
पहिला माझा.
शेरडं डावीकडे हा सरळ सरळ अन्याय आहे. बोकडाने कुणाचं काय घोडं मारलंय?

निर्मोही
आडपडदा न ठेवता सांगतो, राग नसावा. ही धमकी आहे. ‘माझ्यावर प्रेम कर, नाहीतर जाळतो’ असं कॉलेज रोडवर एखादा पोरगा पोरीला म्हणाला तर आपण पोलिसांत जातो. ग्रंथात आलं की अर्थ शोधायला बसतो. साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यातल्या चुकांना कधीच न संपणारी शिक्षा, हे कुठल्या न्यायात बसतं? तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. त्यांनी रेघा मारल्या कारण त्यांना लहानपणी घाबरवलं गेलं असावं.

शरणपूरची_सून
जेलरोडकर दादा, सलाम. बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं.

मी बावीस वर्षं शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, शिकवते. दर दोन-तीन वर्षांनी एक तरी पोर विचारतंच, ‘मावशी, आमच्या शेजारचे आजोबा चर्चला येत नाहीत, ते जळणार का?’ सुरुवातीला मी पाळकसाहेबांकडे पाठवायची. आता पाठवत नाही. मी त्याला मत्तय २५, म्हणजे तो शेरडं-मेंढरांचाच अध्याय, काढायला लावते आणि विचारते, यात चर्चला कोण गेलं असं लिहिलंय का? पोर शोधतं. भुकेल्याला जेवायला दिलं, तहानेल्याला पाणी दिलं, परक्याला घरात घेतलं, आजाऱ्याकडे गेलं, तुरुंगातल्याला भेटलं. एवढंच सापडतं. मग ते पोर म्हणतं, आजोबा तर मला पेरू देतात. मी म्हणते, मग बघ बाबा.

पण निर्मोहींना एक सांगते. मी ते अध्याय गाळत नाही. गाळले की मुलांना वाटतं, मोठे काहीतरी लपवतायत.

पोथीनिष्ठ
रोचक धागा. मी ख्रिस्ती नाही, पण एक मुद्दा भाषेचा आहे.

मराठीत ‘नरक’ म्हटलं की आपल्या डोक्यात आयता सिनेमा सुरू होतो. यमदूत, उकळत्या तेलाची कढई, कुंभीपाक, रौरव. आमच्या पंचवटीतल्या वाड्यात आजोबा गेले तेव्हा गरुडपुराण लावलं होतं. मी नऊ वर्षांचा, रात्री मोरीत एकटा जायचो नाही. जुन्या भाषांतरकारांना दुसरा शब्द नव्हता, ‘नरक’ घेतला. म्हणजे मराठी ख्रिस्ती माणूस वचन येशूचं वाचतो आणि चित्र गरुडपुराणाचं बघतो. मूळ शब्द काय आहे, कुणाला माहीत आहे का?

चिंचोका
काका, मोरीत अजूनही जाताना दिवा लावता ना?

जुना_करार
पोथीनिष्ठ, नेमकी नस पकडलीत. थोडं लांबेल.

येशूच्या तोंडी आहे तो शब्द ‘गेहेन्ना’. ते एका जागेचं नाव आहे. यरुशलेमच्या दक्षिणेला हिन्नोमाचं खोरं आहे, आजही आहे. नव्या करारात तो शब्द फक्त बारा वेळा येतो. अकरा वेळा पहिल्या तीन शुभवर्तमानांत आणि एकदा याकोबाच्या पत्रात. पौल या प्रेषिताने एवढी पत्रं लिहिली, त्याने तो एकदाही वापरलेला नाही.

तिथे शहराचा कचरा सतत जळत असे, असं हमखास सांगितलं जातं. मीही सांगायचो. पण त्या गोष्टीचा पहिला लेखी उल्लेख सन १२०० च्या सुमाराचा आहे, दावीद किम्ही नावाच्या ज्यू पंडिताचा. म्हणजे येशूनंतर बाराशे वर्षांनी. उत्खननातूनही तिला भक्कम आधार मिळालेला नाही. खात्रीचं आहे ते जास्त भयंकर आहे. याच खोऱ्यात यहूदाच्या लोकांनी स्वतःची मुलं आगीत होमली, असं यिर्मया हा संदेष्टा आपल्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात सांगतो. पुढे लोक याला कत्तलीचं खोरं म्हणतील, असंही बजावतो.

तेव्हा येशू ‘गेहेन्ना’ म्हणाला की ऐकणाऱ्यांना जमिनीखालची कढई आठवत नव्हती. शहराच्या वेशीबाहेरचं खोरं आठवत होतं, जिथे त्यांच्याच पूर्वजांनी देवाच्या नावावर लेकरं जाळली. ‘इकडे जाल’ याचा अर्थ त्यांना नकाशावर दाखवता येत होता.

निर्मोहींचा ‘न संपणारी शिक्षा’ हा आक्षेप नवा नाही, आणि तो फक्त नास्तिकांचाही नाही. चौथ्या शतकात निस्साचा ग्रेगरी नावाचा बिशप होता. ती आग शुद्ध करणारी आहे आणि शेवटी सगळेच देवाकडे परततील, अशी त्याची आशा होती. त्यानंतर ऑगस्टीन या दुसऱ्या बिशपने नेमका उलटा पक्ष लावून धरला. त्याचं म्हणणं असं, की मत्तय २५ च्या शेवटच्या ओळीत शिक्षेला आणि जीवनाला एकच ‘सार्वकालिक’ शब्द आहे, मग एक संपणारं आणि दुसरं न संपणारं कसं? मला ग्रेगरी आवडतो. पण ऑगस्टीनच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, हेही मान्य करतो.

निर्मोही
@जुना_करार, प्रतिसाद आवडला. विशेषतः उत्तर नाही हे कबूल केलंत ते. आक्षेप कायम.

चिंचोका
कचऱ्याची गोष्ट खोटी निघाली म्हणून वाईट वाटलं. आमच्या बाजूला कचरा डेपो आहे, वारा फिरला की आम्ही ‘आज गेहेन्ना’ म्हणणार होतो.

ओलांडा
रामराम मंडळी. मी दिंडोरी तालुक्यातला, द्राक्षवाला. बायबल वाचलेलं नाही, पण शेजारच्या वस्तीवरचे एक ख्रिस्ती गुरुजी नेहमी म्हणतात की येशूने द्राक्षवेलीवर बोललंय, आणि फळ न देणारी फांदी तोडून जाळतात असं आहे. ते या धाग्यात बसतं का?

बसत असेल तर माझं ऐका. बाहेरच्या माणसाला छाटणी म्हणजे वेलीवर राग काढल्यासारखं वाटतं. एप्रिलात खरड छाटणी करतो तेव्हा बाग बघवत नाही. ओलांड्यावर, म्हणजे तारेवरच्या आडव्या फांदीवर, एक-दोन डोळे ठेवून सगळं साफ. पाहुणे आले की म्हणतात, अरे मारली की बाग. ऑक्टोबरला परत छाटायची. ती केली नाही तर पानांचं जंगल होतं आणि घड शोधावा लागतो.

मेलेली काडी नुसती बघून कळत नाही. चांगल्या काडीसारखीच दिसते, वेलीलाच लटकलेली असते. नखाने साल खरवडायची. आत हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी दिसलं तर संपली. तिच्यात रोग बसतो, म्हणून ठेवता येत नाही. आमच्या आज्याच्या वेळेपासून त्या काड्या बांधावर पेटवायचे. आता कुट्टी करून मातीत घालतो, पण तो भाग वेगळा.

आणि हो, चिंचोका शेठ, बोकडाचं. धनगर आमच्या रानात मेंढ्या बसवतात तेव्हा कळपात दोन-चार शेळ्या असतातच, दुधाला. दिवसभर एकत्र चरतात. वेगळं करायचं ते संध्याकाळी वाड्यात घालताना.

जुना_करार
@ओलांडा, बसतं म्हणजे काय, योहान १५ मध्ये तेच आहे. तिकडे मुख्य छाटणी हिवाळ्यात एकदाच, तुमच्यासारखी दोनदा नाही. नाशिकला वेल थंडीत पूर्ण झोपत नाही म्हणून तुम्हाला दोनदा लागते.

गंमत अशी की फळ न देणारी फांदी तो ‘काढून टाकतो’, या जागच्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘उचलतो’ असाही होतो. काही जण म्हणतात, माळी जमिनीवर लोळणारी फांदी उचलून बांधतो. पण चार ओळी पुढे वाळलेल्या फांद्या आगीत जातातच, तेव्हा फार खूश होऊ नका.

यहेज्केलाच्या पंधराव्या अध्यायात द्राक्षाच्या लाकडाची अजून निंदा आहे. त्याची साधी खुंटीही होत नाही, म्हणतो.

ओलांडा
खरंय, नाही होत. चहापुरतं जळण होतं.
उचलून बांधणं पण खरंय. नवीन फुटवा वाऱ्याने लोळला की सुतळीने तारेला घेतो. आधी बांधून बघायचं, मग कात्री.

वसईवाला
मी वसईचा, सासुरवाडी नाशिक. आमच्याकडे मिस्सामध्ये (कॅथलिक उपासनेत) हे शेरडं-मेंढरंवालं शुभवर्तमान तीन वर्षांतून एकदा, ख्रिस्तराजाच्या सणाला येतं. उपासनेच्या वर्षाचा शेवटचा रविवार. फादर लोकांना प्रवचन करताना घाम फुटतो.

एक गोष्ट मला तिथेच बसून लक्षात आली. डावीकडचे लोक चकित होतात. ‘प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं आणि मदत केली नाही?’ गंमत म्हणजे उजवीकडचेही तेवढेच चकित होतात. आपण कुठल्या बाजूला आहोत हे कुणालाच आधी माहीत नसतं. मग आम्ही बाकावर बसून आपण उजवीकडचे म्हणून गृहीत कसं धरतो?

शरणपूरची_सून
वसईवाला भाऊ, हे फार खरं बोललात. ‘कोणाचे दोष काढू नका’ हे वचन आमच्या मंडळीत सगळ्यांना पाठ आहे. सगळ्यात खणखणीत कोण म्हणतं, तर जे बाकीचा आठवडा दोषच काढत असतात.

अजून एक. ‘तेथे रडणे व दात खाणे चालेल’. मी कित्येक वर्षं समजत होते की वेदनेने दात वाजतायत. एकदा वर्गातला एक मुलगा म्हणाला, ‘मावशी, दात खातो तो तर रागावलेला असतो!’ मराठीत दातओठ खाणं म्हणजे रागच की. मग मी बघायला लागले. येशूचा शिष्य स्तेफन, त्याला दगडमार करण्याआधी लोक त्याच्यावर दातओठ खातात, तो राग आहे. स्तोत्रांत दुर्जन नीतिमानावर दात खातो, तोही राग. म्हणजे बाहेरच्या अंधारातला तो माणूस पस्तावलेला नाही, चिडलेला आहे. मला आत का घेतलं नाही म्हणून.

लूकमधला श्रीमंत माणूस आठवा. दारातल्या लाजराला आयुष्यभर उष्टं दिलं नाही. मेल्यावर ज्वाळेत आहे, तरी अब्राहामाला काय सांगतो? लाजराला पाठवा, बोट पाण्यात बुडवून माझी जीभ थंड करायला. मग, लाजराला माझ्या भावांकडे पाठवा. आगीतसुद्धा लाजर त्याला गडीच वाटतो. माफ कर म्हणून एक शब्द नाही.

पोथीनिष्ठ
@शरणपूरची_सून, हे वाचून अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली.

कठोर बोलण्याबद्दल मला आपले तुकोबा आठवतात. ज्या अभंगात मेणाहून मऊ आहोत म्हणतात, त्याच अभंगात नाठाळाच्या माथी काठी हाणतात. वारकरी ते म्हणताना घाबरलेला दिसत नाही, टाळ वाजवत म्हणतो. कारण ऐकणाऱ्याला बोलणारा माणूस माहीत आहे. वाक्य सुटं काढून भिंतीवर लावलं की धमकी होते.

निर्मोही
भिंतीवर लावतातच ना पण. रेल्वे स्टेशनबाहेर पत्रकं वाटतात, त्यात प्रीती कमी आणि ज्वाळा जास्त असतात. माझा राग त्यावर आहे.

जुना_करार
तो राग मलाही येतो. पत्रकवाल्यांनी जुन्या करारातलं योना संदेष्ट्याचं पुस्तक वाचावं. योना निनवे शहरात जाऊन एकच वाक्य बोलतो, चाळीस दिवसांत हे शहर उलथणार. ‘नाहीतर’ नाही, ‘जर-तर’ नाही. आणि शहर उलथत नाही! लोक वागणं बदलतात, देव बेत बदलतो. यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात हा नियम म्हणूनच सांगितलाय. भविष्य खोटं ठरावं यासाठीच ते सांगितलेलं असतं. याचा सगळ्यात जास्त त्रास योनालाच होतो.

चिंचोका
म्हणजे ग्रुपवर ‘उद्या प्रलय’ फॉरवर्ड करून, प्रलय आला नाही म्हणून रुसलेला काका.

वसईवाला
😂 अगदी. आणि शेवटी देव त्याला विचारतो, एक लाख वीस हजार माणसांची आणि एवढ्या गुरांची मी कीव करू नको का? गुरांचीसुद्धा! पुस्तक तिथेच संपतं, योनाचं उत्तर दिलेलं नाही.

संपादक
धर्मांतर आणि निवडणुका यांवरचे सात प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. कृपया विषयावर राहा. बोकड विषयात येतो.

शरणपूरची_सून
थोडं अवांतर. ‘परका होतो’ वरून. आमचं शरणपूर वसलंच परक्यांसाठी. १८५० च्या दशकात मिशनने वसाहत केली, आणि गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना इथे ठेवून शिकवलं. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिका धुंडाळणाऱ्या मिशनरी लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या प्रवासात होता. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला, सोबत्यांनी त्याचा देह समुद्रापर्यंत वाहून आणला. १८७४ च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा पेटीला हात लावणाऱ्यांत हा नाशिकला शिकलेला पोरगा होता. शरणपूर रोडवरून रोज हजारो गाड्या जातात, कुणाला पत्ता नाही. झालं माझं अवांतर.

पोथीनिष्ठ
जन्म नाशिकात गेला, हे माहीत नव्हतं. धन्यवाद ताई.

ओलांडा
जेलरोडकर भाऊ कुठे गेले? धागा काढून पसार.
मला एक प्रश्न आहे. प्रेसवाल्यांची ती पेन्सिल, लाल-निळी, दोन तोंडांची असते ना? आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडे पण तीच. लाल रेघा सांगितल्या, निळ्या कुठे आहेत?

चिंचोका
द्राक्षवाल्याने केस फोडली.

जेलरोडकर
पसार नाही, सगळं वाचत होतो. ओलांडा भाऊ, तुमचा प्रश्न वाचून रात्री साडेअकराला बायबल परत काढलं.

निळ्या रेघा आहेत. फिकट आहेत म्हणून आधी लक्ष गेलं नव्हतं. तीनच ठिकाणी. एक, योनाच्या शेवटच्या ओळीखाली, तीच गुरांची. दुसरी लूक १३ मध्ये. बुरुजाची हकिगत लाल, आणि तिच्या लगेच खाली अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. तीन वर्षं फळ नाही, मालक तोडायला सांगतो, माळी म्हणतो, एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. ते निळं. दोन्ही शेजारी शेजारी आहेत हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं.

तिसरी मत्तय २५ मध्ये. परका होतो, पण तुम्ही घरात घेतलं नाही, या ओळीखाली लाल आणि निळी दोन्ही. समासात बारीक अक्षरात ‘७२, ओटा’.

मला काही कळेना. सकाळी आत्याला फोन लावला. ती ८१ वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, तीनदा सांगावं लागलं. मग बराच वेळ काही बोलली नाही. म्हणाली, ७२ चा दुष्काळ. आपण स्टेशनजवळच्या चाळीत होतो. खेड्यांतून माणसं गाडीने यायची, कुठेही पडायची. एक बाई दोन पोरं घेऊन ओट्यावर बसली होती, दोन दिवस. आपल्याकडेच मिलोच्या, म्हणजे रेशनच्या लाल ज्वारीच्या, भाकरी मोजून व्हायच्या. तिसऱ्या रात्री पाऊस नाही पण वारा फार होता, धाकटं पोर रडत होतं. तिने दार वाजवलं. ‘तुझ्या बापाने आतून कडी घातली. बावीस वर्षांचा होता. मी आणि आई जाग्याच होतो, आम्हीही उठलो नाही.’ सकाळी ओटा रिकामा. कुठे गेली कळलं नाही. बाबांनी स्टेशनवर जाऊन दोन दिवस शोधलं, म्हणे.

घरात हे कधीच कुणी बोललं नाही.

निर्मोही साहेब, कुणी घाबरवल्यामुळे रेघा मारल्या असतील असं तुम्ही म्हणाला होतात. असेलही. पण मला आता आमच्या व्हरांड्यातली खाट आठवतेय. लहानपणापासून ती तिथे कायम अंथरलेली असायची, उशाशी घडी केलेली चादर, खाली तांब्या. रात्री व्हरांड्याचा दिवा कधी बंद करू द्यायचे नाहीत, वीजबिलावरून आईशी एवढंच एक भांडण. गाडी चुकलेले, दवाखान्यात कुणाला भरती केलेले, अनोळखी लोक तिथे झोपून सकाळी जायचे. मी वैतागायचो. मला वाटायचं घरात जागा नाही म्हणून खाट बाहेर आहे.

निर्मोही
माझं ते वाक्य मागे घेतो.

शरणपूरची_सून
दादा, आत्याबाईंना माझा सलाम सांगा.

ओलांडा
खाट आहे का अजून?

जेलरोडकर
आहे. नवार सैल झालीय, मधे झोळ पडतो. शनिवारी आवळून घेतो.